आधी ओळखलं, तरी हाती काय लागलं?



गुंतवणुकीच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “तेव्हा घेऊन ठेवले असते तर आज...” पुढचं वाक्य कुणी पूर्ण करत नाही, नुसता उसासा टाकतात. या वाक्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. जग बदलणारं तंत्रज्ञान वेळेवर ओळखता आलं, की पैसा आपोआप मागून येतो, अशी ती समजूत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेपासून विजेवरच्या गाड्यांपर्यंत जे जे नवं दिसतं, त्याच्या मागे लोक याच समजुतीने आपली बचत घेऊन धावताहेत. इंदूर असो, बडोदे असो, पुणे असो की बेंगळुरू, फोनवरच डीमॅट खातं उघडतं आणि फोनवरच शेअर विकत घेता येतो.

म्हणून आजच्या भागात इतिहासाला एक साधा प्रश्न विचारू. ज्यांनी नवं तंत्र आधी ओळखलं, त्यांच्या हाती काय लागलं? त्यासाठी आधी इंग्लंडला जाऊ, मग मुंबईला, मग नागपूरला आणि शेवटी मुळशीला.

सुरुवात १८२५ पासून. २७ सप्टेंबर १८२५ रोजी इंग्लंडच्या ईशान्य भागात स्टॉकटन ते डार्लिंग्टन ही रेल्वे सुरू झाली. तिच्यामागे एडवर्ड पीज नावाचे क्वेकर पंथाचे व्यापारी होते आणि अभियंता होते जॉर्ज स्टीफन्सन. पीज यांच्या डोक्यात “जग बदलायचं” वगैरे काही नव्हतं. त्यांच्यासमोरचा प्रश्न अगदी व्यापाऱ्याचा होता. खाणीतला कोळसा नदीपर्यंत आणायला इतका खर्च येत होता की पोहोचेपर्यंत तो महाग होऊन जायचा. मूळ बेत तर रुळांवरून घोड्यांनी वाघिणी ओढायचा होता. वाफेचं इंजिन वापरा, हा आग्रह स्टीफन्सन यांचा. इंजिनं आल्यावरही पुढची काही वर्षं त्या मार्गावर घोडे चालत होते.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे गिऱ्हाईक आधीपासून होतं. त्याला कोळसा हवाच होता आणि त्यासाठी तो वाहतुकीचे भरमसाट पैसे आधीच मोजत होता. रेल्वेने नवी गरज निर्माण केली नाही. जुन्या गरजेचा खर्च उतरवला.

पाच वर्षांनी, १५ सप्टेंबर १८३० रोजी, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. इथेही तीच परिस्थिती. एका शहरात बंदर, दुसऱ्यात कापडगिरण्या आणि मधल्या वाहतुकीवर कालव्यांची मक्तेदारी. व्यापारी कालव्यांच्या दरांना कंटाळले होते. कालव्याच्या बाजूच्या लोकांनी संसदेत विरोध केला आणि १८२५ मध्ये रेल्वेचं विधेयक फेटाळलं गेलं. पुढच्या वर्षी मात्र ते मंजूर झालं. मधल्या काळात एक गंमत झाली. ब्रिजवॉटर कालव्याचं उत्पन्न ज्यांच्या घरात जात होतं, त्या मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड यांनी याच रेल्वेचे एक हजार शेअर घेतले. जुन्या तंत्रावर ज्याचं पोट, त्यानेच नव्या तंत्रात एवढा पैसा घालावा, यापेक्षा मोठी खूण कोणती? त्या काळच्या गुंतवणूकदाराला हेरायचंच असतं, तर वर्तमानपत्रातल्या जाहिरातींपेक्षा ही बातमी जास्त बोलकी होती.

१८२९ च्या ऑक्टोबरमध्ये रेनहिल इथे इंजिनांची जाहीर चाचणी झाली. स्टीफन्सन यांचं ‘रॉकेट’ जिंकलं. म्हणजे हे यंत्र चालतं का, या प्रश्नाचं उत्तर लोकांच्या डोळ्यांसमोर मिळालं. रेल्वे सुरू झाल्यावर आणखी एक अनपेक्षित गोष्ट घडली. ती बांधली होती मुख्यतः मालासाठी, पण उत्पन्न जास्त आलं प्रवाशांकडून. लोकांना प्रवास करायचा होता. आजवर तो परवडत नव्हता, एवढंच. ही कंपनी पुढे वर्षानुवर्षं नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास लाभांश देत राहिली. सरकारी रोख्यांवर तीन-साडेतीन टक्के मिळण्याचा तो काळ.

इथपर्यंत आपली समजूत खरी ठरते. ज्यांनी आधी ओळखलं, त्यांना फळ मिळालं. आता पुढे पाहू.

१८४० च्या दशकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये व्याजदर खूप खाली आले होते. रेल्वे चालते, लाभांश देते, हे दहा-पंधरा वर्षं सगळे पाहत होते. मग शिक्षक, पाद्री, विधवा, दुकानदार, निवृत्त अधिकारी असे सगळेच रेल्वेच्या शेअरकडे वळले. एकट्या १८४६ मध्ये संसदेने रेल्वेचे अडीचशेहून अधिक कायदे मंजूर केले. मंजूर झालेल्या मार्गांची लांबी होती सुमारे साडेनऊ हजार मैल. त्यातले जवळपास एक तृतीयांश मार्ग कधी बांधलेच गेले नाहीत.

शेअर घेण्याची पद्धतही समजून घ्यायला हवी, कारण खरी मेख तिथे होती. शेअर घेताना पूर्ण रक्कम भरावी लागत नसे. दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भरला की शेअर तुमच्या नावावर. उरलेली रक्कम कंपनी बांधकाम पुढे सरकेल तशी मागणार आणि ती भरणं तुम्हाला बंधनकारक. भाव चढत होते तोवर लोकांना वाटायचं, हप्ता मागायच्या आत विकून मोकळे होऊ. प्रत्यक्षात १८४५ च्या दुसऱ्या सहामाहीत भाव उतरू लागले आणि त्याच सुमारास हप्त्यांच्या मागण्या येऊ लागल्या. हातातल्या शेअरची किंमत घसरतेय आणि त्याच शेअरसाठी खिशातून आणखी पैसे भरायचे आहेत, अशा कोंडीत हजारो कुटुंबं सापडली. १८५० पर्यंत रेल्वे शेअरचे भाव शिखरापासून निम्म्याहूनही खाली आले होते.

या सगळ्यात एक माणूस आकडेमोड करत बसला होता. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक जेम्स विल्सन. त्याचं म्हणणं रेल्वे वाईट आहे असं नव्हतंच. मंजूर झालेल्या सगळ्या रेल्वे बांधायच्या तर देशाची वर्षाची बचत तरी तेवढी आहे का, एवढाच त्याचा प्रश्न होता. प्रत्येक कंपनीचा हिशेब सुटा सुटा बरोबर दिसत होता. सगळ्यांची बेरीज मात्र जमत नव्हती. हाच विल्सन पुढे हिंदुस्थानात अर्थसदस्य म्हणून आला आणि १८६० मध्ये त्याने इथला पहिला अर्थसंकल्प मांडला. आपला प्राप्तिकर त्याचीच देणगी!

आता एका घरातली गोष्ट. ‘जेन एअर’ ही कादंबरी लिहिणारी शार्लट ब्राँटी आणि तिच्या बहिणी एमिली आणि अ‍ॅन यांना मावशीच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने थोडे पैसे मिळाले होते. ते त्यांनी यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड या रेल्वे कंपनीत गुंतवले. व्यवहार एमिली पाहायची आणि ती वर्तमानपत्रातली रेल्वेची प्रत्येक बातमी बारकाईने वाचायची. १८४६ च्या सुरुवातीला शार्लटला वाटू लागलं की आता विकून टाकावं. बहिणींना ते पटेना. एमिलीचं मन दुखवण्यापेक्षा नुकसान सोसलेलं बरं, असं ठरवून शार्लट गप्प राहिली. या कंपनीचा अध्यक्ष होता जॉर्ज हडसन, ज्याला लोक ‘रेल्वेचा राजा’ म्हणायचे. १८४९ मध्ये हडसनचे हिशेब उघडे पडले. लाभांश नफ्यातून नव्हे, तर भांडवलातूनच वाटला जात होता. शेअर कोसळले. तोपर्यंत एमिली आणि अ‍ॅन या जगात नव्हत्या.

या बहिणींची रेल्वेबद्दलची पारख चुकली का? अजिबात नाही. रेल्वेने खरोखरच जग बदललं. १८५० पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे सहा हजार मैलांचं जाळं उभं राहिलं होतं. पण रेल्वेचा फायदा गेला तो प्रवाशांकडे, गिरणीमालकांकडे, शहराला दूध-भाजी पाठवणाऱ्या शेतकऱ्यांकडे. एकाच दोन गावांमध्ये दोन-तीन कंपन्यांनी रूळ टाकले, म्हणून भाडी उतरली. भाडी उतरली म्हणून प्रवासी खूश आणि भागधारक रडकुंडीला. तंत्र खरं, कंपनी खरी, गाडी खरोखर धावतेय. तरी बुडाला तो भागधारक.

तेव्हा नवं तंत्र पाहिलं की पहिला प्रश्न “हे जग बदलेल का?” हा असतोच, पण दुसरा प्रश्न त्याहून अवघड: “त्या बदलाचा फायदा कुणाच्या पदरात पडेल?”

आता मुंबईला येऊ. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन पहिली गाडी निघाली. अंतर ३४ किलोमीटर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाय यांचा पुढाकार होता, हे आपण शाळेत शिकलो. पण भांडवल कुठून आलं, हे फारसं शिकवलं जात नाही. ते आलं इंग्लंडमधून. आणि कसं आलं? पाच टक्के व्याजाच्या सरकारी हमीवर. रेल्वेने पाच टक्के कमावले नाहीत, तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. रेल्वेच्या उन्मादात हात पोळलेल्या इंग्रज गुंतवणूकदाराला यापेक्षा गोड काय हवं? फायदा झाला तर वाटा आहेच, तोटा झाला तर रयत आहेच. दादाभाई नवरोजी, गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्यांनी या व्यवस्थेवर पुढे कठोर टीका केली. १८६० च्या दशकात या रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांमध्ये भारतीयांचं प्रमाण एक टक्काही नव्हतं. म्हणजे जोखीम भारतीयांची आणि मालकी दुसऱ्याची.

मग भारतीय पैसा कुठे जात होता? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस लँकेशायरला पोहोचेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षं शहरात पैशाचा पाऊस पडला आणि तो पैसा शिरला शेअरमध्ये. बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजार. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं. १ जुलै १८६५ हा मुंबईतल्या वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी कुणाला कुणाचे पैसे देता येईनात. घराणीच्या घराणी धुळीला मिळाली. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून सावरली नाही.

आता बघा, त्याच वर्षांमध्ये खरोखर जग बदलणारी एक गोष्ट त्याच शहरात शांतपणे वाढत होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली होती. पुढची शंभर वर्षं ज्या धंद्याने मुंबई उभी केली, कोकणातली आणि घाटावरची लाखो माणसं ज्याच्या भोंग्यावर उठली, तो धंदा तिथे डोळ्यांसमोर होता. पण कापसाच्या सट्ट्यात आठवड्यात दामदुप्पट मिळत असताना गिरणीच्या सावकाश वाढणाऱ्या नफ्याकडे किती जणांनी पाहिलं असेल?

१८६५ मध्ये पोळलेल्यांमध्ये एक तरुण होता. जमशेदजी टाटा. हिंदी बँक काढण्याच्या खटपटीसाठी वडिलांनी त्यांना लंडनला पाठवलं होतं. ते पोहोचले तोवर त्यांच्याजवळच्या कापसाच्या हुंड्यांची किंमत कागदाइतकी झाली होती. घरातली पुंजी गेली. याच माणसाने पुढे काय केलं, ते गुंतवणूकदाराने नीट अभ्यासण्यासारखं आहे.

त्यांनी आधी मुंबईत एक छोटी गिरणी चालवली आणि विकली. मग लँकेशायरला जाऊन धंदा पाहिला. आणि नवी गिरणी कुठे काढायची? सगळे मुंबईला काढत होते. यांनी नागपूर निवडलं. कारणं साधी होती. कापूस तिथलाच. कोळसा वरोऱ्याचा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचलेली. माल खपायची बाजारपेठ आजूबाजूलाच. इंग्रजांच्या पैशाने बांधलेल्या रेल्वेचा फायदा तिच्या भागधारकापेक्षा तिच्या वापरणाऱ्याने जास्त घेतला, तो असा! व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना घेतलं, तेही रेल्वेतून आलेले. गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. पण माल, माणसं आणि हिशेब सांभाळायची सवय होती.

गिरणीसाठी घेतलेली जमीन दलदलीची होती. जमशेदजींच्या चरित्रात एक हकीकत आहे. त्यांनी नागपूरच्या एका मारवाडी सावकाराकडे भांडवल मागितलं. भराव घालण्यात पैसा पुरणाऱ्या माणसाला मी पैसे देणार नाही, असं म्हणून त्याने नकार दिला. पुढे त्यानेच कबूल केलं की टाटांनी मातीत सोनं पुरलं नव्हतं. माती घालून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ रोजी ही एम्प्रेस मिल सुरू झाली.

सुरुवात काही झकास झाली नाही. पहिली यंत्रं काटकसरीच्या नादात घेतलेली होती. ती बदलावी लागली. पण खरी परीक्षा नंतर आली. सूत कातायची प्रस्थापित यंत्रं ‘म्यूल’ म्हणून ओळखली जात. म्यूलवर सूत टप्प्याटप्प्याने काततात: ओढा, पीळ द्या, गुंडाळा, पुन्हा ओढा. त्याला कसलेला कारागीर लागतो. अमेरिकेत दुसरी पद्धत रुजत होती, रिंग. तिच्यात ओढणं, पिळणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता चालतं. चाती अखंड फिरते. चालवायला म्यूलइतकं कसब लागत नाही. १८८० च्या दशकात जमशेदजींनी नागपूरला काही रिंग फ्रेम आणून चालवून पाहिल्या. उत्पादन वाढलं, तेव्हा हळूहळू त्या वाढवत नेल्या. लँकेशायरमध्ये मात्र पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरही बहुसंख्य चात्या म्यूलच्याच होत्या.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. लँकेशायरचे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसबी कारागीर होते, बारीक सुताची मागणी होती आणि म्यूलमध्ये घातलेलं भांडवल होतं. त्यांच्या परिस्थितीत म्यूल पुष्कळ काळ फायद्याची होती. नागपूरची परिस्थिती वेगळी: देशी आखूड धाग्याचा कापूस, जाडं सूत, नवे कामगार. तंत्र तेच, एका ठिकाणी नकोसं, दुसऱ्या ठिकाणी सोन्यासारखं. त्यामुळे “हे तंत्र चांगलं का?” हा प्रश्न अर्धवट आहे. “कुणासाठी, कुठे आणि कशाच्या बदल्यात?” हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि जमशेदजींची पद्धत पाहा. त्यांनी सगळी गिरणी एका रात्रीत बदलली नाही. थोडं लावलं, मोजलं, मग वाढवलं.

यानंतर वीज. सह्याद्रीवर पडणारा पाऊस लोणावळ्याजवळ अडवायचा, जवळपास ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचा आणि त्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही कल्पना जमशेदजींच्या हयातीत रुजली. १९०४ मध्ये ते गेले. कंपनी निघाली १९१० मध्ये आणि भांडवल भारतीयांनी, त्यात मोठा वाटा संस्थानिकांनी, दिलं. त्याआधी १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीच्या वेळी सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत भांडवल पुरं केलं होतं आणि नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी कर्जरोख्यांची चार लाख पौंडांची सगळी रक्कम एकट्याने उचलली होती. रेल्वेच्या वेळी एक टक्का नसलेला भारतीय भागधारक पन्नास वर्षांत रांगेत उभा राहिला होता. वीजनिर्मिती सुरू झाली १९१५ मध्ये. गिऱ्हाईक समोर होतं: गिरण्या आधीच कोळशावर पैसे जाळत होत्या. पीज यांच्या कोळशाचाच हा हिशेब, नव्वद वर्षांनंतर.

पण या विजेच्या हिशेबात एक रकाना राहून गेला होता. पुढचं धरण मुळशीला व्हायचं होतं. नीला आणि मुळा यांच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. मावळे तुरुंगात गेले, बायकाही गेल्या. तीन वर्षांनी सत्याग्रह मावळला, धरण झालं, भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि आजही होते. मुंबईचे दिवे लागले, भागधारकांना लाभांश मिळाला. मावळातल्या ज्या घरांच्या जमिनीवर ते पाणी साठलं, त्यांच्या नावावर एकही शेअर नव्हता.

ही गोष्ट गुंतवणुकीच्या भागात कशाला, असं कुणी विचारेल. दोन कारणांसाठी. एक, खर्च कुणीतरी भरतच असतं. ताळेबंदात तो दिसत नाही एवढंच. गुंतवणूकदाराने तो पाहायलाच हवा, माणूस म्हणून. दुसरं, न दिसणारा खर्च कधीतरी बिल बनून येतो: कायदा म्हणून, खटला म्हणून, आंदोलन म्हणून. जो तो आधी मोजतो, त्याला धक्का कमी बसतो.

आता आपल्या काळाजवळ येऊ. १९४५ मध्ये खानदेशात अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. आयबीएम भारतातून गेल्यावर १९८० च्या दशकात ही कंपनी संगणकाकडे वळली. तिचं आजचं नाव विप्रो. ज्यांच्या घरी ते जुने शेअर राहिले, त्यांची कुटुंबं श्रीमंत झाली. पण त्यांनी संगणकयुग ओळखलं होतं, असं म्हणता येईल का? त्यांनी तूप ओळखलं होतं! कंपनी चालवणारे बरे आहेत, लाभांश येतोय, विकायची गरज नाही, एवढ्यावर ते थांबले. आणि त्याच काळात निघालेल्या किती कंपन्यांचे कागद जुन्या ट्रंकांमध्ये रद्दी झाले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. उरलेल्यांचीच कहाणी ऐकून धडा काढणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला आर्थिक सल्ला विचारणं.

इन्फोसिसचंही पाहा. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर देत होती आणि तो पुरता भरला गेला नाही. तेव्हा ती नफ्यात होती, गिऱ्हाइकं परदेशातली होती, हिशेब स्वच्छ होते. सात वर्षांनी, २००० च्या मार्चमध्ये, जगभर हेच क्षेत्र डोक्यावर घेऊन लोक नाचत होते. अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक त्या शिखरावरून अडीच वर्षांत तीन चतुर्थांशाहून अधिक घसरला आणि पुन्हा तिथे पोहोचायला २०१५ उजाडलं. इंटरनेटबद्दल २००० मध्ये लोक जे बोलत होते, ते बहुतेक खरं ठरलं. तरी त्या महिन्यात घेणारा पंधरा वर्षं वाट पाहत बसला. १९९३ मध्ये किंमत कमी होती कारण खात्री नव्हती; २००० मध्ये खात्री होती, म्हणून किंमत उरली नव्हती.

तर मंडळी, या दोनशे वर्षांतून कामाचं काय घेऊन जायचं?

नवं तंत्र समोर आलं की विचारा: कोण, कशावर, आज किती पैसे मोजतोय, आणि हे आल्यावर किती मोजेल? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर थांबा. मग विचारा: वाचलेला पैसा कंपनीकडे राहील की स्पर्धेत गिऱ्हाइकाच्या खिशात जाईल? दुसरं उत्तर आलं, तर तंत्र विकणाऱ्यापेक्षा ते हुशारीने वापरणारा शोधा. रेल्वेचा शेअर नव्हे, नागपूरची गिरणी. ते उभारायला आणखी किती भांडवल लागेल आणि ते पुन्हा तुमच्याकडूनच मागितलं जाईल का? जुन्या तंत्रावर जगणारे आपला पैसा कुठे हलवताहेत? लाभांश किंवा वाढ दिसतेय ती नफ्यातून येतेय की नव्या गुंतवणूकदाराच्या पैशातून? आणि शेवटचं, मुळशीचं: हा खर्च कुणाच्या शेतावर टाकला जातोय?

या प्रश्नांची उत्तरं मिळवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात भाव चढतील, ही भीती खरी आहे. पण स्टॉकटनची गाडी सुटल्यानंतरही शहाण्या गुंतवणूकदाराला पाच वर्षं मिळाली होती. रिंग फ्रेम अमेरिकेत निघाल्यानंतर नागपूरला यायला अर्धं शतक लागलं. जग बदलणारी तंत्रं सावकाश येतात. घाई असते ती विकणाऱ्याला. आणि तपासून पाहायचं तर थोड्या पैशाने पाहा, असा थोडा पैसा जो गेला तर मुलांची फी अडणार नाही. दोन रिंग फ्रेम लावून बघायच्या, सगळी गिरणी नाही.

पुढच्या भागात तारायंत्राकडे वळू. समुद्राखालून पहिली तार टाकणाऱ्यांनी ती कितीदा गमावली आणि तरी पैसा कसा उभा केला, ते पाहू. तोवर तुमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत एखाद्या बंद पडलेल्या कंपनीचा शेअर असेल, तर तो काढून बघा. ती कंपनी काय बनवायची आणि का बुडाली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गुंतवणुकीचा इतका स्वस्त धडा दुसरीकडे मिळणार नाही.